पिंटोचं पातेलं आणि बिडाचा तवा

संध्याकाळचे सात वाजलेत, खिडकीबाहेर दिसतायत ते अमेरिकेतले अपालाचियन डोंगर, पूर्व टेनेसीकडचा भाग, आणि टेबलाशी बसलेल्या ह्या आमच्या शेजारच्या आजी. बीन्स निवडतायत. नुसता आवाज ऐका जरा. एकेक दाणा बोटाने पुढे ओढायचा आणि मांडीवरच्या भांड्यात सोडायचा, टक्, टक्, मधेच एखादा खडा लागतो, एखादा सुरकुतलेला दाणा, तो बाजूला. पहिल्यांदा मी हे बघितलं ना, तेव्हा कॅमेरा हातात धरून नुसती उभी राहिले, कारण कोरेगावला माझी आजी परातीत घेवडा घेऊन अगदी अशीच बसायची, चष्मा असाच नाकावर घसरलेला.

ह्या बीन्सचं नाव पिंटो. स्पॅनिशमध्ये पिंटो म्हणजे रंगवलेला, ठिपक्याठिपक्यांचा. आणि आमच्या साताऱ्याकडचा तो वाघ्या घेवडा, ज्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून तो वाघ्या. दोन्ही एकाच जातीचे, राजमासुद्धा त्यातलाच, आणि सगळ्यांचं मूळ घर अमेरिका खंडात. म्हणजे मी इथे परदेशात येऊन जे बघतेय ते आमच्या घेवड्याचं माहेर आहे, हे कळल्यावर मला ही फिल्म करायचीच होती.

ह्या डोंगरात, म्हणजे पूर्व केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, पूर्व टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम भाग, इथे ह्या पदार्थाला सूप बीन्स म्हणतात. सूप नाहीये ते, आपल्या दाट उसळीच्या आणि आमटीच्या मधलं काहीतरी. आणि त्याच्यासोबत कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड, असणारच. नुसते बीन्स वाढले तर इथलं माणूस ब्रेड कुठाय म्हणून विचारतं, आपण पिठलं बघितलं की भाकरी शोधतो तसं.

रात्री बीन्स भिजत घातले. एक पाउंडाची पिशवी, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, शिजल्यावर त्याचे सहा कप तरी होतात. सकाळी ते पाणी फेकून नवीन पाणी घातलं, दाण्यांच्या वर दोन बोटं राहील एवढं, एक कांदा, आणि हॅम हॉक. हा हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाच्या सांध्याचा तुकडा, मिठात मुरवून धुरी दिलेला. त्याच्यावर मांस असं फार नसतं, हाड आणि कातडीच जास्त, पण अख्ख्या पातेल्याला चव त्याचीच. थंडीत डुक्कर कापायचं, मीठ लावून ठेवायचं आणि वर्षभर एकेक तुकडा पुरवून पुरवून वापरायचा अशी इथली जुनी पद्धत, त्यामुळे मांस पानात कमी आणि पातेल्यात जास्त. आमच्या घरी डुक्कर चालत नाही, मी तेलात भरपूर लसूण आणि स्मोक्ड पॅप्रिका परतून घालते, आजींनी चाखून बघितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता दोन-तीन तास मंद आचेवर. कुकर नाही. पाणी आटलं तर गरम पाणीच घालायचं, गार नाही, हे मला आजींनी सांगितलं आणि माझ्या आईनेही सांगितलेलं होतं. शिजताना ते सगळे ठिपके विरघळून जातात आणि दाणा गुलाबीसर तपकिरी होतो. शेवटी चमच्याच्या पाठीने थोडे दाणे पातेल्याच्या कडेला चेचायचे की रस्सा दाट येतो.

हे शिजतंय तोवर थोडं मागे जाऊ.

युरोपातली माणसं ह्या डोंगरात यायच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी चेरोकी लोक मका, बीन्स आणि भोपळा एकाच जागी लावायचे. मक्याचं ताट उभं राहतं, त्यावर वेल चढतो, भोपळ्याची पानं खाली पसरून ओल धरून ठेवतात, आणि शेंगवर्गातलं पीक असल्याने बीन्सच्या मुळाशी नत्र धरलं जातं. चेरोकींचा बीन ब्रेड अजूनही केला जातो, मक्याच्या पिठात शिजलेले बीन्स मिसळायचे, मक्याच्याच पानात गुंडाळायचे आणि उकडायचे, त्यात मीठ घालत नाहीत, घातलं तर फुटतो म्हणतात. आपल्या पातोळ्या आठवल्या मला, पान वेगळं एवढंच. 1838 मध्ये बहुतेक चेरोकींना सरकारने बळजबरीने पश्चिमेला हाकललं, वाटेत हजारो मेले. जमीन गेली, शेतं गेली, आणि त्या जमिनीत जे पिकत होतं ते मागून आलेल्यांच्या पातेल्यात शिजत राहिलं. हे सांगितल्याशिवाय ही रेसिपी सांगणं मला पटत नाही.

पुढे कोळशाच्या खाणी आल्या. कंपनीचं गाव, कंपनीचं घर, आणि कंपनीचं दुकान, पगारातला भाग पुष्कळदा कंपनीच्याच नाण्यात मिळायचा, स्क्रिप म्हणायचे त्याला, ते बाहेर कुठे चालायचं नाही. अशा घरात काय टिकणार, तर सुके बीन्स, मक्याचं पीठ, खारवलेली चरबी. फ्रीज नको, खराब होत नाही, आणि दिवसभर खाणीत राबून आलेल्या माणसाचं पोट भरतं.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला माहीत नव्हती आणि वाचल्यावर झोप उडाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हात राहणारी कातडी सोलवटायची, जुलाब, मग भ्रम, मग मरण. डॉक्टरांना वाटायचं जंतू असणार. 1914 मध्ये सरकारने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना पाठवलं, त्यांनी अनाथालयांमध्ये जाऊन मुलांचं जेवण बदललं, दूध, अंडी, मांस, बीन्स दिले, रोग गेला. तरी लोकांना पटेना, तेव्हा त्यांनी, त्यांच्या बायकोने आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त आणि कातडीचे पापुद्रे स्वतःच्या शरीरात घेऊन दाखवलं की हा लागण होणारा रोग नाहीच. गरिबाच्या ताटात फक्त मका, काकवी आणि चरबी उरली होती, ते कारण होतं. 1937 मध्ये कळलं की कमी पडत होतं ते नायासिन, एक ब जीवनसत्त्व. मक्यात ते असतं पण असं अडकलेलं असतं की अंगी लागत नाही, आणि चेरोकी काय किंवा मेक्सिकोतले लोक काय, मका राखेच्या किंवा चुन्याच्या पाण्यात उकळून घ्यायचे, त्याने ते मोकळं होतं. मागून आलेल्यांनी मका घेतला पण ती पद्धत घेतली नाही.

आणि हे फक्त इथलं नाही हो. आपल्या दख्खनमध्ये जवळपास नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांनाही पेलाग्रा व्हायचा, हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास त्यावर काम केलं. म्हणून ह्या पातेल्याकडे मी नुसतं स्वस्त जेवण म्हणून बघत नाही. मक्यात लायसिन नावाचा प्रथिनांतला घटक कमी, तो बीन्समध्ये भरपूर, बीन्समध्ये जे कमी ते मक्यात. ज्या घरात ब्रेडच्या शेजारी बीन्सचं पातेलं होतं त्या घरातल्या पोरांना त्याने धरून ठेवलं, आणि जिथे पातेलं रिकामं झालं तिथे नुसता ब्रेड पुरा पडला नाही.

बरं, तवा तापलाय. हा बिडाचा तवा, खोलगट, दांड्याचा, आजींच्या सासूबाईंचा. इथून बऱ्याच अंतरावर साउथ पिट्सबर्ग नावाचं छोटं गाव आहे टेनेसीतच, तिथे 1896 पासून लॉज कंपनी बिडाची भांडी ओतते आणि 1997 पासून तिथेच दरवर्षी कॉर्नब्रेडची जत्रा भरते. तव्यात दोन-तीन चमचे बेकनची चरबी (मी तेल घेते) आणि तवा थेट ओव्हनमध्ये, 230 अंश सेल्सियसवर. तोवर दोन कप मक्याचं पांढरं रवाळ पीठ, एक छोटा चमचा सोडा, एक छोटा चमचा मीठ, एक अंडं, दोन कप बटरमिल्क. भारतात करणार असाल तर कॉर्नफ्लोअर घेऊ नका, तो नुसता स्टार्च, गिरणीतून मका जाडसर दळून आणा, आणि ताक पातळ नको, आंबट आणि दाट हवं, कारण सोडा त्या आंबटपणानेच फुलतो.

साखर? आजींनी मान हलवली फक्त. उत्तरेकडे पिवळ्या मक्यात गव्हाचं पीठ आणि साखर घालून करतात, ते त्यांच्या लेखी केक. मला विचाराल तर मी आजींच्या बाजूने, बीन्सबरोबर गोड ब्रेड मला जातच नाही.

आता बघा. तापलेल्या चरबीत पीठ ओतलं, हा चर्र आवाज आला पाहिजे, नाही आला तर तवा तापलेला नाही, आणि मग खालचं कुरकुरीत कवच येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं. मग ताटलीवर उपडा करायचा, खालची सोनेरी बाजू वर.

वाढताना वर कच्चा कांदा बारीक चिरून, बाजूला चाऊचाऊ, म्हणजे कोबी आणि हिरव्या टोमॅटोचं व्हिनेगरमधलं लोणचं. सगळे जेवले, बोलणं कमी, चमच्यांचा आवाज जास्त. मी कांदा बुक्कीने फोडून दाखवला, आजींनी लगेच स्वतः एक फोडून बघितला.

रात्री उशिरा मी भांडी उचलत होते, तेव्हा आजींनी उरलेल्या कॉर्नब्रेडचा तुकडा उंच ग्लासात कुस्करला आणि वरून गार बटरमिल्क ओतलं. इथे हे रात्रीचं जेवण असतं. मी म्हटलं आमच्याकडे भाकरी कुस्करतात ताकात, वरून मीठ. त्यांनी मीठाची डबी माझ्याकडे सरकवली आणि दुसरा ग्लास काढला.