स्वस्त रायफल, नखरेल नळी

[दृश्य : भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणारा महामार्ग. केळीच्या बागा, ट्रकांची रांग, वरणगावचा फाटा.]

भुसावळ सोडलं की अर्ध्या तासाच्या आत वरणगाव येतं. बाहेरगावच्या माणसाला इथं केळीशिवाय काही दिसत नाही. पण १९६२ चं चीन युद्ध झालं आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९६४ साली, इथं काडतुसांचा कारखाना उभा राहिला. जवानाच्या रायफलीत जाणारी ५.५६ मिलिमीटरची गोळी या कारखान्यात तयार होते. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं आणि शेजारचा भुसावळचा कारखाना यंत्र इंडियाकडे. गावात आजही नुसतं ‘फॅक्टरी’ म्हटलं तरी पुरतं.

आता गंमत बघा. ज्या मुलुखात काडतूस बनतं, त्याच मुलुखात पारावर बंदुकीच्या गप्पा निघाल्या की चर्चा फक्त रायफलीची. कुठली भारी, कुठली महाग, कुठली दूर मारते. तिच्यात राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, कुठला भरला होता, हे कुणी विचारत नाही. या व्हिडिओत आपण तेवढंच विचारणार आहोत, आणि तेही स्वस्तातल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबद्दल, कारण राउंड बदलला की सगळ्यात जास्त रुसतात त्या याच.

[दृश्य : रिकाम्या केस, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं. कॅमेरा पितळी बुडावर कोरलेल्या अक्षरांवर.]

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. पण रिकामी केस बाहेर फेकून पुढचा राउंड आत घ्यायचं काम रायफल स्वतः करते. आपल्याकडच्या निवृत्त फौजींना हे समजावून सांगायला नको. त्यांची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल), ७.६२ मिलिमीटरची, याच जातीची. तिचा गॅस रेग्युलेटर, म्हणजे यंत्रणा मागे ढकलणाऱ्या गॅसची चावी, कमी-जास्त करत त्यांची अर्धी नोकरी गेली असेल.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ७.६२ आणि ५.५६ हे सैन्याचे बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, आपल्याकडे साध्या परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे पुढे ज्या स्वस्त सेमी-ऑटोमॅटिक रायफलींची नावं येतील, त्यांचा बाजार अमेरिकेतला. राउंड आणि नळीच्या जोडीचे नियम मात्र इथल्या रायफलीलाही तेच लागू.

सुरुवात पॉइंट टू-टूपासून, म्हणजे ०.२२ इंच बोअरच्या छोट्या राउंडपासून करू. एनसीसीत असलेल्या बहुतेकांनी हा राउंड हाताळलेला आहे. पंचवीस यार्डांवर पाच राउंड, मग कागदावर फूटपट्टी ठेवून ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, मोजायचा, आणि एखादं भोक सापडलंच नाही तर मागून आवाज, “गोयी कुठे गई रे भो?” एनसीसीची रायफल बोल्टची, म्हणजे राउंडमागची खिट्टी दर वेळी हातानं ओढायची. अमेरिकेत याच राउंडवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल १९६४ पासून विकली जाते, रुगर टेन-ट्वेंटी-टू. वरणगावची फॅक्टरी आणि ही रायफल एकाच वयाच्या. खिशाला परवडणारी, दहा राउंडचं गोल मॅगझिन, आणि आजवर लाखोंनी खपलेली.

[दृश्य : तळहातावर पॉइंट टू-टूचा एक राउंड. शिशाच्या टोकावरचा मेणचट थर.]

हा राउंड जवळून बघा. गोळी उघड्या शिशाची, तिच्यावर मेण किंवा ग्रीसचा पातळ थर. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की हा थर मऊ पडतो, बोटाला लागतो, आणि रेंजवरची काळ्या मातीची धूळ त्याला चिकटते. तीच धूळ मग नळीत जाते. हुशार नेमबाज खोकं सावलीत ठेवतो, बोटं पुसतो आणि मगच मॅगझिन भरतो.

त्या थराचं आणखी एक आहे. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. एका कंपनीचं खोकं संपवून दुसऱ्या कंपनीचं उघडलं की पहिले काही राउंड भलतीकडेच जातात, कारण नळीत अजून जुन्या वंगणाचा लेप असतो. नवा लेप बसला की ग्रुप जागेवर येतो. त्या पहिल्या राउंडांवरून नव्या खोक्याला नाव ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ.

मग येतो वेग. या राउंडच्या साध्या गोळ्या आवाजाच्या वेगाच्या जरा खाली सुटतात, सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटर. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेल्या गोळ्या आवाजापेक्षा जोरात निघतात, आणि लांब पल्ल्यावर वाटेतच त्यांचा वेग आवाजाच्या खाली येतो. त्या उंबरठ्यावर हवेचा धक्का बसून गोळी डळमळते. म्हणून स्पर्धेतला नेमबाज हळू गोळी निवडतो. नव्या पोराला हे पटत नाही. त्याला वाटतं, जोराची ती चांगली.

वेग कमी असो की जास्त, तो प्रत्येक राउंडला सारखा हवा. हिशेब करून पाहा. पन्नास मीटरवर एक गोळी ३२० च्या वेगानं गेली आणि दुसरी ३३५ च्या, तर हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी दोघींच्या पडण्यात जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक येतो. पन्नास मीटरच्या स्पर्धेत दहाचं वर्तुळ असतं अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे हात हलला नाही, श्वास चुकला नाही, तरी दहाचा नऊ झाला. महागड्या खोक्यात आपण पैसे मोजतो ते या सारखेपणाचे: काडतुसातली दारू तेवढीच, गोळीचं वजन तेवढंच, बुडाशी स्फोटक मसाला तेवढाच.

तर मग सेमी-ऑटोमॅटिकमध्ये महागडं खोकं घातलं की काम झालं? तिथंच नखरे सुरू होतात. राउंड अडकू नये म्हणून या रायफलीचा चेंबर, म्हणजे नळीतली राउंड बसायची जागा, थोडा सैल ठेवलेला असतो. स्पर्धेच्या बोल्ट रायफलीत गोळी नळीतल्या वळणदार खाचांना, म्हणजे आट्यांना, टेकून घट्ट बसते, इथं तशी बसत नाही. शिवाय फारच मंद राउंड घातला तर बोल्ट पुरता मागे येत नाही, आणि केस दारातच अडकते. आणखी एक खोड अशी की हातानं चढवलेला पहिला राउंड कधीकधी एकटाच बाजूला लागतो आणि रायफलीनं स्वतः चढवलेले बाकीचे एकत्र. हातानं बोल्ट हळू सोडला की राउंड वेगळा बसतो, एवढंच कारण.

[दृश्य : नळीच्या तोंडातून दिसणाऱ्या वळणदार आट्या.]

मोठ्या बोअरमध्ये आट्यांची गोष्ट महत्त्वाची. नळीतल्या या आट्या गोळीला भोवऱ्यासारखी गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. गोळी जितकी लांब, तितकी गिरकी जलद हवी. ५.५६ ची जुनी ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी बारा इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीतून छान जायची. नाटोनं १९८० च्या सुमारास ६२ ग्रेनची, पोटात पोलादी टोक असलेली लांब गोळी घेतली, आणि अमेरिकेनं नळी सात इंचांत एक फेरा अशी केली. नवी गोळी जुन्या नळीत घातली तर ती लोळत जाऊन कागदावर आडवी बसते. रायफल बिघडली नसते, जोडी जुळलेली नसते.

त्या पोलादी टोकानं भेदकता येते, नेम नव्हे. पोलाद आणि शिसं एका अक्षावर तंतोतंत बसवणं अवघड, त्यामुळे त्याच नळीतून ६९ किंवा ७७ ग्रेनची स्पर्धेची गोळी बहुतेक वेळा लहान ग्रुप देते.

आणि काही रायफलींना राउंडही वाचवत नाही. रुगरचीच मिनी-१४ घ्या. जुन्या मालिकेतली नळी बारीक. चार राउंड झाले की तापायची आणि ग्रुप पसरायचा. पुढे कंपनीनं यंत्रसामग्री बदलून त्यात सुधारणा केली. सोव्हिएत रचनाकार सिमोनोवची १९४५ ची सेमी-ऑटोमॅटिक एसकेएस आणि तिचा स्वस्त लोखंडी केसचा राउंड, ही जोडी शंभर मीटरवर साधारण दहा सेंटीमीटरचा ग्रुप देते. खंदकातल्या सैनिकाला तेवढं भरपूर. तिच्याकडून नाण्याएवढा ग्रुप मागणं हा मागणाऱ्याचा दोष.

[दृश्य : दुपारचं ऊन. रेंजवरच्या वाळूच्या पिशव्या.]

आता आपल्या उन्हाकडे. दारू तापली की जास्त जोरात जळते, दाब वाढतो, वेग वाढतो. जानेवारीच्या सकाळी झिरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथंच लागेल अशी जुळवलेली, रायफल मेच्या दुपारी वर मारते, त्यात हे एक कारण असतं आणि तापलेली विरळ हवा हे दुसरं. तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून गप्पा मारत बसलात, तर तो एकटा आणखी वेगळा जाणार. भरला की मारा, नाहीतर काढून ठेवा. सुरक्षेच्या दृष्टीनंही हेच बरं.

राउंडची पारख करायची झाली तर रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवा, आणि एका खोक्याचे दहा राउंड एकाच कागदावर मारा. तीन राउंडचा ग्रुप फोटो काढायला छान, खरं काही सांगत नाही. खोक्यावरचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक, कागदावर लिहा. नाव तेच, रंग तोच, लॉट बदलला की ग्रुप बदलू शकतो. इंग्लंडची इले आणि फिनलंडची लापुआ या काडतूस कंपन्यांनी तर नेमबाजानं स्वतःची रायफल आणून लॉट पारखावेत म्हणून खास रेंज ठेवल्यात. पसंत पडलेला लॉट तिथूनच उचलायचा.

आपल्याकडे मात्र परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं असतं. चार कंपन्यांची चार खोकी पारखण्यातच तो आकडा संपून जायचा. म्हणून इथला नेमबाज मिळेल त्या खोक्यावर झिरो करतो, ते संपेपर्यंत साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला, हात लावत नाही, आणि नवं खोकं उघडलं की पहिले काही राउंड हिशेबात न धरता पुन्हा झिरो करतो.