प्लेग पोचायच्या आधीच

श्रोतेहो, नमस्कार.

तारीख १४ फेब्रुवारी १३४९, वार शनिवार. ऱ्हाईनकाठच्या स्ट्रासबुर्ग शहरातल्या ज्यूंना त्यांच्याच दफनभूमीत नेण्यात आलं. तिथं लाकडी चौथरा आधीच बांधून तयार होता. त्यावर चढवून त्यांना जाळलं. क्योनिग्सहोफेन नावाचा त्या शहरातला इतिवृत्तकार दोन हजार हा आकडा देतो. आजचे इतिहासकार तो कमी धरतात, पण शेकडो माणसं गेली याबद्दल कुणाचंच दुमत नाही. बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले ते वाचले. काही लहान मुलांना आईबापांच्या मर्जीविरुद्ध आगीतून ओढून काढलं आणि ख्रिस्ती केलं.

आरोप काय, तर ज्यूंनी विहिरींत विष कालवलं आणि त्यातून महामारी पसरली. आणि त्या दिवशी स्ट्रासबुर्गात प्लेगचा एकही रोगी नव्हता. प्लेग तिथं पोचला उन्हाळ्यात. म्हणजे रोग यायच्या आधीच त्याची शिक्षा देऊन झाली होती.

मग एवढी भीती आली कुठून? कागदांवरून. १३४७ च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांबरोबर प्लेग सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरला. पुढच्या वर्षी जिनिव्हा सरोवराच्या परिसरात, साव्हॉयच्या सरदारांच्या अमलाखाली, ज्यूंची धरपकड झाली. त्यातला एक जिनिव्हाचा अजिमे. रेशीम आणायला व्हेनिसला जाणारा माणूस. त्याचा कबुलीजबाब आजही वाचायला मिळतो. चांबेरीच्या एका रब्बीनं आपल्याला विषाचं पुडकं दिलं, अर्ध्या वितीचं, अरुंद शिवलेल्या चामडी पिशवीत घातलेलं, आणि ते आपण व्हेनिसच्या एका विहिरीत टाकलं, असं तो सांगतो. विहीर कुठली, कुणाच्या घराजवळची, हेसुद्धा सांगतो. इतका तपशील ऐकल्यावर कुणालाही खरंच वाटेल. पण त्याच कागदावर कारकुनानं सरळ हातानं लिहून ठेवलंय की या माणसाला ‘थोडासा’ छळ करून सोडलं, आणि बऱ्याच काळानं पुन्हा ‘थोडासा’ छळ केला. त्या ‘थोडासा’वर माझी नजर दर वेळी अडते.

असे जबाब नकलून गावोगावच्या नगरसभांना धाडले गेले. स्ट्रासबुर्गलाही आले.

पण स्ट्रासबुर्गचे कारभारी डोळे मिटून बसले नव्हते. शहराचा प्रमुख पेटर श्वार्बर आणि त्याचे सहकारी पुरावा मागत राहिले. इतर शहरांना पत्रं लिहून विचारत राहिले. तिकडे आविन्यॉंहून, जिथं तेव्हा पोपची गादी होती, पोप सहाव्या क्लेमेंटनंही १३४८ सालीच फर्मान काढलं होतं. त्याचा मुद्दा अगदी साधा होता: प्लेगनं ज्यूही मरताहेत, आणि जिथं एकही ज्यू राहत नाही तिथंही प्लेग आहेच. कोणत्याही न्यायालयात टिकावा असा युक्तिवाद. फरक काही पडला नाही.

जानेवारी १३४९ मध्ये बेनफेल्ड गावी बिशप, सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी जमले. तुमच्या ज्यूंचं काय करणार, असं स्ट्रासबुर्गच्या लोकांना विचारलं. आम्हाला त्यांचं काही वाईट ठाऊक नाही, ते म्हणाले. त्यावर भर सभेतून सवाल आला: मग तुम्ही विहिरी का झाकल्यात? बादल्या का काढून घेतल्यात? आणि एकच गलका झाला. खबरदारी म्हणून केलेली गोष्ट तिथल्या तिथं पुरावा होऊन बसली. फेब्रुवारीत कारागिरांच्या संघांनी श्वार्बरला पायउतार केलं, त्याची मालमत्ता जप्त केली. नवी नगरसभा बसली आणि चारपाच दिवसांत चौथरा उभा राहिला.

याला आपण ‘लोकांचा उद्रेक’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. चौथऱ्याला सुतार लागतात, लाकूड लागतं, हुकूम लागतो. आणि नंतरचा हिशोब तर फारच नेटका आहे. ज्यूंकडून घेतलेली सगळी कर्जं रद्द. गहाणवटी आणि रोखे ज्याचे त्याला परत. रोकड नगरसभेनं ताब्यात घेऊन कारागिरांत वाटली. चर्चनं ख्रिस्ती माणसाला व्याजाचा धंदा निषिद्ध ठरवलेला, ज्यूंना कारागीर संघांची दारं बंद. तेव्हा सावकारी त्यांच्या गळ्यात पडली होती, आणि सरदारांपासून खाटकांपर्यंत कितीजण त्यांचे देणेकरी होते. क्योनिग्सहोफेन काही ज्यूंचा कैवारी नव्हे, पण तोही लिहून गेलाय की ते गरीब असते आणि सरदार त्यांचे देणेकरी नसते तर ते जाळले गेले नसते. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणबी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांनी रोखे जाळले, माणसं सहसा सोडली. स्ट्रासबुर्गात माणसं जाळली आणि रोखे फिटले.

बरं, विषाची गोष्टही नवी नव्हती. १३२१ साली फ्रान्समध्ये कुष्ठरोग्यांवर आणि ज्यूंवर विहिरी बाटवल्याचा आळ घेऊन झाला होता, तेव्हा प्लेगचा मागमूसही नव्हता. गोष्ट तयार होती, प्लेगनं तिला फक्त निमित्त दिलं. आणि अशी गोष्ट किती टिकते? दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३४९ च्या सुमारास ज्या जर्मन गावांत ज्यूंची कत्तल झाली होती, त्याच गावांत १९२० च्या दशकात ज्यूंवर हल्ले होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं, आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला मतंही जास्त पडली होती. मध्ये जवळजवळ सहाशे वर्षं, आणि त्यातली कित्येक शतकं यातल्या अनेक गावांत ज्यू औषधालाही नव्हते.

याच्याशेजारी आपली मुंबई ठेवून बघा. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. भीती तीच, अफवाही होत्या. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, कारण तिथं रोग्यांना मारतात असं बोललं जात होतं. त्याच शहरात कोकणातून आलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे ज्यूच, राहत होते. गावाकडं त्यांना शनवार तेली म्हणत. ससूनांच्या गिरण्या होत्या, म्हणजे श्रीमंत ज्यूही होते. लोकांचं बोट त्यांच्याकडं वळलं नाही. आपण फार थोर होतो असं नाही. गर्दी इथंही दगड घेऊन निघालीच होती. पण विहिरीत विष कालवणाऱ्या ज्यूची गोष्ट इथं कुणा आजीनं नातवाला सांगितलेली नव्हती.

ती गोष्ट जिथं सांगितली जाते अशा मुलखातून आलेला एक माणूस तेव्हा मुंबईत होता. वाल्डेमार हाफकिन, ज्यू शास्त्रज्ञ, जन्म तेव्हाच्या रशियातल्या ओदेसाचा. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला आणि त्याचं खापर ज्यूंवर फुटून ओदेसात दंगल पेटली. विद्यार्थी हाफकिन ज्यूंच्या बचाव पथकात होता. जखमी झाला, आणि अटकही त्यालाच झाली. पुढं तो पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला, तिथून हिंदुस्थानात. मुंबईत प्लेगवरची लस तयार केल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले जे कैदी आपणहून पुढं आले, त्यांना.