खर्ज बोलायला लागतो तेव्हा : मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट

(दृश्य : माळ्यावर छतापर्यंत रचलेले वाळके भोपळे. कारागीर एकेक उचलून टिचकी मारतो.)

हा भोपळा खायचा नाही. चवीला कडू आणि सालीला टणक. पंढरपूरच्या आसपास, भीमेकाठच्या रानात याचे वेल लावतात. फळ धरलं की शेतकरी ते हातानं उचलून बुडावर बसवतो. एका कुशीवर पडून वाढलं तर त्याला बाक येतो, आणि बाक आलेला भोपळा वाद्याच्या कामाचा नाही. वेल वाळला तरी फळ रानातच तापत राहतं. आतला गर सुकतो, बिया खुळखुळायला लागतात. मग मिरजेची माणसं बांधावर जाऊन घेर मोजून माल निवडतात.

ही टिचकी उगीच मारलेली नाही. साल कुठं पातळ पडली आहे, कुठं कीड शिरली आहे, ते या आवाजावरून कळतं. बाजूला काढून ठेवलेल्या भोपळ्यांचा ढीग पाहा. वाद्य बनायच्या आधीच एवढा माल बाद होतो.

(दृश्य : सतारमेकर गल्ली. उंबऱ्यात बसून रंधा मारणारे हात. भिंतीला टेकलेल्या दांड्या.)

मिरज, जिल्हा सांगली. पटवर्धनांच्या संस्थानचं गाव. इथं शिकलगारांची घरं होती. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावायची, पाणी द्यायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल आला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि धार लावायला हत्यारंच उरली नाहीत. दरबारात मात्र गाणं होतं. उत्तरेकडून गवई यायचे, वादक यायचे. त्यांची वाद्यं प्रवासात तडकायची, खुंट्या निसटायच्या, आणि दुरुस्तीला जवळपास कुणी नसायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी हे काम अंगावर घेतलं. आधी दुरुस्ती, मग नवं वाद्य. हत्यारावर बसलेला हात लाकडावर बसला. पुढं या घराण्यातल्या लोकांनी आडनावच सतारमेकर लावलं. आज गल्लीत ज्या दारात डोकवाल, त्या दारात त्याच परंपरेतला कुणीतरी कामाला बसलेला दिसेल.

गावाला गाण्याचा शेजारही तसाच मिळाला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत होते. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर घडले आणि त्यांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथंच राहिले. 1937 साली ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही उरुसाला तिथं गवई येतात, हजेरी लावतात.

(दृश्य : भोपळ्यावर पेन्सिलीची रेघ. करवत. उघडलेला भोपळा, आतली पांढरट जाळी.)

आता पुन्हा कारखान्यात येऊ.

रेघ आखली, करवत फिरली. आतली जाळी खरवडून काढायची, बिया वेगळ्या ठेवायच्या. कापलेला भोपळा पाण्यात भिजवतात, म्हणजे साल जरा नरमते. मग तोंडात आडव्या काठ्या घालून ते हवं तितकं ताणून घेतात आणि तसंच वाळू देतात. घाई केली तर चीर जाते. म्हणून कारखान्यात एका वेळी सगळ्या अवस्थांतले भोपळे दिसतात : भिजलेले, ताणलेले, वाळत असलेले.

(दृश्य : दांडी आतून कोरताना क्लोजअप. सरस उकळताना. सुतळीनं करकचून आवळलेला सांधा.)

दांडी तूनच्या लाकडाची. हलकं, पण पीळ न धरणारं लाकूड लागतं. दांडी आतून पोकळ कोरतात आणि वरून पातळ पाटी बसवतात. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा लाकडी गळा, त्याला इथं गुलू म्हणतात. सगळा ताण या सांध्यावर येतो. चार तारा वर्षानुवर्षं ओढत राहणार, म्हणून तो सरस लावून, सुतळीनं आवळून ठेवलेला आहे. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती तबली. तिला किंचित फुगवटा हवा. कारागीर मधूनमधून काम थांबवून तिच्यावर बोटानं ठोकतो, ऐकतो, पुन्हा तासतो. हातात मोजपट्टी नाही, तुम्हाला दिसतंच आहे.

(दृश्य : नक्षी. पानं, वेल, सांध्यावरच्या पाकळ्या. पॉलिशचा बोळा फिरताना.)

पूर्वी नक्षीला हस्तिदंत असायचा. आता पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्यावर टोकदार हत्यारानं वेल कोरतात आणि रेघांत काळा रंग भरतात. चपडी लाखेचं पॉलिश हातावर हात देऊन चढतं.

(दृश्य : म्हातारा कारागीर मांडीवर तंबोरा आडवा घेऊन बसतो. कानस. पार्श्वसंगीत बंद, फक्त तार.)

इथपर्यंत जे झालं, ते चांगल्या सुताराला शिकवता येईल. याच्यापुढचं काम वेगळं आहे. वाद्य घ्यायला येणाऱ्यांपैकीही फार थोड्या जणांनी ते बसून पाहिलेलं असतं. ही जवारी.

तारा ज्या घोडीवरून जातात, तिच्या माथ्याकडे बघा. तो धारदार नाही, पसरट आहे आणि त्याला अगदी नजरेत न भरणारा उतार आहे. तार छेडली की ती या उतारावर घासत, टेकत, सुटत राहते. टेकण्याची जागा क्षणोक्षणी बदलते, आणि त्यातून मूळ स्वरामागचे वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, बाहेर पडतात. उतार केसभर जास्त झाला की आवाज कोरडा, कमी झाला की चिरका.

म्हणून कानस दोनदाच फिरते. मग तार वर चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन हात कानस. यात कितीही वेळ जातो. शेवटी तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, सुताचा तुकडा सरकवतात. तो पुढं-मागं करताना ऐका. आत्ता तार नुसती वाजते आहे... आणि आता बोलायला लागली.

(थांबा : दहा सेकंद. निवेदन नाही.)

(बाईट : ज्येष्ठ कारागीर, जवारीबद्दल.)

पहिली तार पंचमाची. मालकंस राग गायचा असेल तर तीच मध्यमाला लावतात. मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात. आणि शेवटची, जाड, पितळी, ती खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. जवारी उत्तम लागली असेल तर या खर्जातून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार वाद्यात कुठंही नाही. खर्जाचा पाचवा उपस्वर गंधारावर पडतो, म्हणून तो आपोआप उमटतो. त्यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. या वयस्क कारागिरानं मान हलवली, तो क्षण हाच. त्याला गंधार मिळाला.

हे काम एकदा करून संपत नाही. तारांच्या घासण्यानं घोडीच्या माथ्यावर चरे पडतात आणि जवारी जाते. गवयाची पट्टी, म्हणजे पेटीवरचा त्याचा षड्ज, काळी एक असेल तर जवारी तिलाच धरून लावायची, काळी पाचला वेगळी. म्हणजे प्रत्येक गळ्यासाठी हा कान पुन्हा पुन्हा लागतो. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं रियाज होतो, तो प्रवासाला सोपाही आहे. पण समोर बसलेल्या गवयाच्या गळ्याकडे ऐकून तारेखालचं सूत केसभर सरकवणारं कुणी त्यात नाही.

(दृश्य : मिरजेच्या वाद्यांच्या भौगोलिक मानांकनाचं प्रमाणपत्र, भिंतीवर. शेजारी रिकामी बैठक, बाजूला ठेवलेली हत्यारं.)

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण आलं. बैठकीवर बसणारी पोरं मात्र कमी झाली आहेत, कारण शिकण्याच्या वर्षांत हाती पैसा येत नाही, आणि भीमेला पूर आला की त्या सालचा भोपळाही जातो.

(दृश्य : गवत आणि कापडाच्या घड्यांत तंबोरा बांधताना. खोक्यावर पत्ता लिहिणारा हात.)

हा तंबोरा मर्दानी, म्हणजे पुरुषाच्या गळ्यासाठीचा आहे, उंची पाच फुटांच्या आसपास, काळी एकला लावलेला. खोक्यात ठेवताना तारा उतरवल्या आहेत, घोडी काढून वेगळी बांधली आहे. सुताचे चार तुकडे चिठ्ठीत गुंडाळून सोबत दिले आहेत. पोचल्यावर ज्याला तो लावता येईल त्यानं लावावा, नाहीतर वाद्य पुन्हा मिरजेला पाठवावं. जवारीसाठी अशी जुनी वाद्यं या दारात रोज येतात. त्या कोपऱ्यात कापडात गुंडाळून उभी आहेत ना, ती तीच. आणि ती लावून द्यायला या कारखान्यात आज हे एकच गृहस्थ बसलेले आहेत.