भंडारदऱ्याला टेंट कुठे लावायचा? ‘लेक टच’ विसरा, उंची विचारा

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, भंडारदऱ्याला लेक टच कॅम्पिंग कुठलं चांगलं? नंबर टाका." लेक टच म्हणजे तलावाच्या अगदी पाण्याला लागून टेंट. नंबर टाकणार नाही. नंबर बरोबर असला तरी प्रश्नच चुकलाय, आणि चुकलेल्या प्रश्नाची किंमत रात्री दोन वाजता ओल्या गादीवर बसून मोजावी लागते.

आधी भूगोल, पटकन. ज्यांना माहिती आहे त्यांनी मिनिटभर पुढे जा. आपण ज्याला भंडारदरा म्हणतो तिथलं उतरायचं गाव म्हणजे शेंडी. एसटीच्या पाटीवर तेच नाव शोधा. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. अकोले, अकोला नाही! ‘अकोल्याला जायचंय’ म्हटलं की दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणून मॅपवर टाकताना शेवटची मात्रा बघा, नाहीतर गाडी विदर्भाकडे निघते. मुंबईहून कसारा घाट, घोटी, बारी, शेंडी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. धरण प्रवरेवर, दगडी, काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला संपलं. तलाव धरणाच्या पश्चिमेला पसरलाय आणि त्याला वळसा घालणारा रस्ता शेंडीतून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल करत परत शेंडीला येतो. चाळीसेक किलोमीटर. टाकी मोठ्या गावात भरून घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, मधे रेंज जाते. झालं.

आता मुद्द्याचं. लेक टच.

(स्क्रीनवर: तलावाचं उपग्रह छायाचित्र)

हा जो पाण्याभोवती मातकट, उघडा पट्टा दिसतोय ना, झाड नाही, झुडूप नाही, तो बघा. भंडारदरा हे धरण आहे. अकरा टीएमसी, म्हणजे अकराशे कोटी घनफूट, पाणी शेतीसाठी अडवलेलं आहे. पावसाळ्यात भरायचं, आणि मग आवर्तनं, म्हणजे शेतीसाठीच्या पाण्याच्या पाळ्या, सुटतील तसं उतरत जायचं. खाली निळवंडे धरण आहे, त्याच्या खाली लाभक्षेत्र, म्हणजे या पाण्यावर भिजणारी शेती आहे. तुमच्या फोटोसाठी पाणी थांबत नाही. तो उघडा पट्टा म्हणजे पाण्याची वर्षभराची ये-जा.

हिशोब सोपा आहे. काठाचा उतार वीस फुटाला एक फूट असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की काठ वीस मीटर लांब जातो. पाच मीटर उतरलं की शंभर मीटर. म्हणजे ऑक्टोबरच्या फोटोत टेंटच्या दाराशी असलेलं पाणी मे महिन्यात बघायला चप्पल घालून खाली जावं लागतं, आणि मधे गाळ. वरून कोरडा, भेगाळलेला दिसतो. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. लहान मुलं पाण्याकडे धावतात ती याच पट्ट्यातून. त्यामुळे कुठल्याही महिन्यात लेक टच राहायचं असेल तर कॅम्पवाल्याला दोनच मार्ग आहेत: एकतर टेंट पाण्यामागे सरकवत न्यायचे, म्हणजे गाळाच्या पट्ट्यात लावायचे, किंवा जुना फोटो दाखवायचा.

पण एक कमेंट अशीही आहे: "ताई, आम्ही नोव्हेंबरमध्ये जाणार, तेव्हा धरण भरलेलं असतं, मग काय प्रॉब्लेम?" बरोबर. तेव्हा पाणी जवळ असतं. तेव्हाचा प्रॉब्लेम थंडीचा आहे.

शेंडी समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की पारा एक आकडी होऊ शकतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखीच उताराने खाली वाहत येते. येऊन साठते कुठे? सगळ्यात खालच्या जागी. म्हणजे काठावर. त्यात तलावाचं पाणी हवेपेक्षा कोमट, त्याची वाफ त्या गार हवेत जाते. पहाटे धुकं आणि मुसळधार दव. टेंटचं वरचं कापड पिळून काढावं इतकं ओलं होतं. याच उतारावर दहा-पंधरा मीटर वर चढलात तर दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि दवही कमी. पुन्हा सांगते, दहा-पंधरा मीटर वर. लांब नव्हे, वर. पाण्यापासून दोनशे फूट लांब पण सपाटीलाच असलेली जागा तितकीच गारठलेली असते.

इथे ती दुसरी लाडकी कमेंट आठवते: "टेंट गळत होता, आतून पाणी ठिबकत होतं." पाऊस नव्हता ना? मग टेंट गळत नव्हता, तुम्ही सगळे मिळून श्वास सोडत होतात. तिघं जण झिप पूर्ण बंद करून झोपले की ती सगळी वाफ गार कापडावर बसते आणि पहाटे पडते. समोरासमोरच्या दोन्ही झिप वरून चार-चार बोटं उघड्या ठेवा. थंडी खालून येते, म्हणून पैसे जाड ब्लँकेटऐवजी खालच्या मॅटवर घाला. आणि टेंटमध्ये कोळशाची शेगडी, पेटता निखारा, गॅसचा हीटर, काही म्हणजे काही न्यायचं नाही. ‘थोडा वेळ’ सुद्धा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

बरं. पाणी झालं, थंडी झाली. आता तिसऱ्या बाजूने तेच: जमीन.

तलावाकाठच्या बऱ्याच कॅम्पच्या जागा मुळात भातखाचरं असतात. सपाट, मऊ, बांध घातलेली. टेंट लावायला याहून चांगलं काय, असं वाटतं. पण खाचर म्हणजे काय? पाणी साठावं म्हणून मुद्दाम केलेली जागा! बांध त्यासाठीच असतो. मेच्या शेवटी वळवाचा एक जोरदार तासभर पाऊस झाला की खाचर आपलं काम चोख करतं, आणि तुमचा टेंट तळ्यात. सगळ्यांचं वैतागलेलं स्टेटस त्या रात्रीचंच असतं. ह्याच खोऱ्यातली गावं नीट बघा: भातखाचरं खाली आणि घरं वर, मुरमाड जागेवर. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांनी जागेची निवड आधीच करून ठेवलीय. आपण उलटं करतो आणि त्याचे जास्तीचे पैसे देतो.

तर खाचरात लावलेला टेंट दिसला तर बांध फोडून पाण्याला वाट दिलीय का बघा. किंवा टेंट फळ्यांच्या, सिमेंटच्या ओट्यावर आहे का. ओटा वीतभर उंच असला तरी पुरतो. टेंटभोवती चर खणून भागवतो म्हणणाऱ्याला विचारा, चराचं पाणी जातं कुठे. सपाट खाचरात ते कुठेच जात नाही.

खुंट्यांचंही जमिनीवरच आहे. गाळात खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. मुरमात बारीक तारेची खुंटी वाकते, तिथे जाड लोखंडी हवी. खुंटीचं डोकं टेंटपासून बाहेर झुकलेलं, पंचेचाळीस अंशांत, पूर्ण ठोकलेलं. आणि ताणाच्या दोऱ्या! कॅम्पवाले दोऱ्या बांधतच नाहीत, कारण लोक रात्री त्यात अडखळतात. मग वारा सुटला की टेंटचे पाइप वाकतात आणि वरचं कापड आतल्या कापडाला चिकटतं. चिकटलं की तिथून ओल आत येते. त्यामुळे गेल्या गेल्या दोऱ्या मागा, बांधा, वर पांढरा रुमाल लटकवा, कोणी अडखळणार नाही.

आता बाजू कुठली निवडायची. याचं एक उत्तर नाही, महिन्यावर आहे.

थंडीत मुरशेत, पांजरे ही उत्तरेची बाजू. उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, हिवाळ्याचं तिरपं ऊन तिथे जास्त वेळ पडतं, ओला टेंट लवकर वाळतो, आणि समोर पाण्यापलीकडे रतनगडाची रांग दिसते. रतनवाडीला अमृतेश्वराचं मंदिर आहे, रतनगडाची वाट आहे, सगळं आहे. पण डोंगर पश्चिम-नैर्ऋत्येला उभा, त्यामुळे ऊन लवकर उतरतं. ट्रेक करणार असाल तर तिथेच राहा, नुसतं बसून राहणार असाल तर दुपारनंतर गारठाल. घाटघर कोकणकड्याच्या धारेवर. दृश्य जबरदस्त, वाराही तसाच. आणि घाटघरचं पाणी म्हणजे भंडारदऱ्याचा तलाव नाही, बरं का. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे: वरच्या तलावातलं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मग पंपाने तेच पाणी परत वर चढवायचं. म्हणजे तिथली पातळी ऋतूने नाही, दिवसातल्या दिवसात बदलते. अशा काठावर लेक टच हा शब्द वापरणाऱ्याला माझा नमस्कार.

साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे एक अरुंद, खोल घळ. घळीच्या तळात मुक्काम कधीच नाही. आकाश तुमच्या डोक्यावर निळं असतं आणि पाणी वरच्या पठारावरून येतं.

काजवे. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागेपर्यंत. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून, वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं आणि रात्रीचे नियम त्या त्या हंगामात बदलतात. निघण्याआधी विचारून घ्या. काजव्यांचा नर लुकलुकून मादीला खुणावतो. तुमचा टॉर्च, गाडीचे हेडलाइट, कॅम्पवरच्या रंगीत माळा, या सगळ्या उजेडात त्याची खूण हरवते. त्यामुळे काजव्यांसाठी कॅम्प निवडताना सुविधांची यादी उलटी वाचा: ‘संपूर्ण लाइटिंग, डीजे’ लिहिलंय, तो सोडा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला तसाही कायद्याने मज्जाव आहे. "पण मग मजा काय?" असं एकाने विचारलंय. मजेसाठी दादा, घराजवळचा हॉल भाड्याने घ्या, पेट्रोल वाचेल.

याच दिवसांत वळीव येतो आणि विजा येतात. एकट्या मोठ्या झाडाखालचा टेंट सावलीला छान दिसतो. विजेला तेच झाड आधी सापडतं, आणि वाळलेली फांदी वाऱ्याने पडते ती वेगळी. गडगडाट जवळ आला की टेंट सोडायचा, बंद गाडीत किंवा पक्क्या घरात जायचं. म्हणून गाडी कॅम्पपासून किती लांब उभी राहते हेही विचारायचं.

आता फोनवर काय बोलायचं ते. फोटो मागू नका. म्हणा, "दादा, आज टेंटपासून पाण्यापर्यंत चालत जाऊन एक व्हिडिओ काढून पाठवा, मधे कट नको." तीस सेकंदांत तुम्हाला उतार दिसतो, गाळ दिसतो, बांध दिसतो, किती पावलं ते दिसतं. जो टाळाटाळ करतो त्याचं उत्तर मिळालं. मग विचारा, टेंट पाण्यापासून किती उंचावर? ‘वीस फुटांवर’ म्हणाला तर लगेच विचारा, अंतर की उंची? शंभरातले बरेच जण अंतरच सांगतात. मग, शौचालय किती जणांत एक आणि टेंटपासून कुठल्या बाजूला? ते पाण्याच्या बाजूला, खाली असेल तर नको. त्याचा शोषखड्डा त्याच तलावात झिरपतो. शौचालय नसलेल्या जागी स्वतः राहणार असाल तर पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. जेवणाचं फार विचारू नका, संध्याकाळी भजी, रात्री पिठलं-भाकरी नाहीतर चिकन, सकाळी पोहे, सगळीकडे तेच असतं आणि बहुतेक चांगलंच असतं.

आणि पोहोचायची वेळ. सगळे अंधार पडता पडता येतात, मग जे टेंट उरलेत ते मिळतात, आणि उरतात ते खाचराच्या सखल कोपऱ्यातले. चारपर्यंत पोहोचा. उजेड असताना कॅम्पवर एक फेरी मारा, पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवा, घरंगळते कुठे ते बघा. ज्या कोपऱ्याकडे घरंगळते तो सोडून दुसऱ्या टोकाचा टेंट मागा. झोपताना डोकं चढाकडे, दार उताराकडे.