दुसऱ्याचा व्हिडिओ गेम टीव्हीवर बघण्यासारखा असतो का?

नमस्कार. ई-स्पोर्ट्सवरचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांवरचा, व्हिडिओ टाकला की खाली एक प्रश्न हमखास येतो आणि तो विचारणाऱ्यांत मुलांपेक्षा त्यांचे आईवडील जास्त असतात. गेम स्वतः खेळायचा सोडून दुसऱ्याला खेळताना तासन्‌तास बघत बसण्यात काय आहे, आणि ही गोष्ट टीव्हीवर दाखवण्याजोगी तरी आहे का? त्यावर तरुण मंडळी लगेच लिहितात की क्रिकेटसुद्धा आपण दुसऱ्यालाच खेळताना बघतो. हे खरे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. क्रिकेट टीव्हीवर चांगले दिसावे म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षे डोके लावले आहे. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या टीव्हीमालक केरी पॅकरच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेट या खासगी स्पर्धेने मैदानाच्या दोन्ही टोकांना कॅमेरे लावले, तोपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकाला दर दुसरे षटक फलंदाजाच्या पाठीमागून बघावे लागे. व्हिडिओ गेमसाठी ही मेहनत कोणी घेतली आणि कोणी टाळली, हे बघितल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

लोक बघतात की नाही, यावर मी वेळ घालवत नाही. इंटरनेटवर गेम खेळताना थेट दाखवणारे ट्विच हे संकेतस्थळ २०११ साली सुरू झाले आणि २०१४ साली अ‍ॅमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतले, एवढे पुरे. पण स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरचे असे थेट प्रक्षेपण, वेगळा आणि टीव्ही वेगळा. स्ट्रीमवर खेळणारा तुमचे नाव घेतो, चॅटमधल्या प्रश्नाला उत्तर देतो, त्यामुळे खेळ रेंगाळला तरी गप्पांची बैठक मोडत नाही. टीव्हीवर ही सोबत मिळत नाही. तिथे पडद्यावरच्या खेळाला स्वतःच्याच बळावर प्रेक्षक धरून ठेवावा लागतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा व्हिडिओ केला, तो सांगतो. खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते प्रेक्षकाला दिसले, तर गेम उत्तम टीव्ही होतो. खेळणाऱ्याचाच पडदा जसाच्या तसा प्रेक्षकापुढे ठेवला, तर होत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. तिथे २००० साली गेमिंगला वाहिलेली ऑनगेमनेट ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर मुख्यतः 'स्टारक्राफ्ट'चे सामने चालत. या गेममध्ये दोन खेळाडू एकाच नकाशावर आपापले सैन्य उभे करतात, पण आपली माणसे जिथवर पोहोचली तिथपर्यंतचेच त्यांना दिसते, बाकीचा नकाशा धुक्याखाली असतो. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू दिसतात. एकाने कोपऱ्यात चोरून कारखाना बांधायला घेतला आहे, दुसऱ्याची टेहळणी त्याच्या अगदी जवळून परत फिरते, आणि घरी बसलेला माणूस खुर्चीच्या कडेवर येतो, कारण त्याला दोघांपेक्षा जास्त ठाऊक असते. २००४ साली बुसानच्या ग्वांगअल्ली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखाच्या घरात गर्दी जमल्याचे सांगितले जाते, त्यामागे हेच बळ होते.

हीच गोष्ट पत्त्यांतही घडली. पोकर हा टीव्हीसाठी निर्जीव खेळ मानला जाई, कारण पत्ते झाकलेले आणि खेळाडू गप्प. १९९९ साली ब्रिटनच्या चॅनल ४ने 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमात टेबलाला काच बसवून खालून कॅमेरे लावले आणि झाकलेले पत्ते प्रेक्षकाला दाखवले. खेळाचा एकही नियम बदलला नाही, फक्त कोणाला काय दिसते ते बदलले, आणि थापा मारणाऱ्याचा चेहरा एकाएकी बघण्यासारखा झाला.

तिसरे उदाहरण आपल्या मातीतले आहे. लालबाग-परळच्या मैदानांत कबड्डी पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली, पण २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हा घराघरांत ती नव्याने बघितली गेली. पडद्यावर तीस सेकंदांचे घड्याळ धावू लागले, आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण घ्यायचाच, नाही तर बाद, असा 'डू ऑर डाय'चा नियम आला. चढाईपटूचे लक्ष समोरच्या बचावपटूंवर असते. आपल्याला त्याच्या पाठीमागून सरकणारा कोपरारक्षक आणि उरलेले सेकंद, दोन्ही एका वेळी दिसतात.

या फुटपट्टीने बीजीएमआयचे प्रक्षेपण मोजून बघा. हा मोबाइलवरचा गेम आहे, त्यात संघ एकमेकांना टिपतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते आणि शेवटपर्यंत टिकेल तो संघ जिंकतो. २०२२ साली या गेमची मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्स २वर दाखवली गेली. भारतातल्या मुख्य क्रीडावाहिनीवर ई-स्पोर्ट्सला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण हा गेम टीव्हीसाठी अत्यंत अवघड आहे. प्रत्येकी चौघांचे सोळा संघ, म्हणजे चौसष्ट खेळाडू, आणि गेममधला एरँगल नावाचा नकाशा आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा. एका वेळी तीन ठिकाणी चकमक पेटते आणि प्रेक्षकाला त्यातली एकच दिसते. ती कोणती, हे गेममधला कॅमेरा फिरवणारा ऑब्झर्व्हर ठरवतो. साऱ्या प्रक्षेपणातला हा सर्वात महत्त्वाचा माणूस असतो आणि त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. चांगला ऑब्झर्व्हर सुरक्षित वर्तुळ कुठे आकसणार ते बघून दोन संघांची वाट कुठे अडणार हे आधी ओळखतो आणि कॅमेरा तिथे अगोदरच नेऊन ठेवतो. कच्चा ऑब्झर्व्हर बंदुकीच्या आवाजामागे धावतो, त्यामुळे आपल्याला नेहमी चकमक संपल्यानंतरची धूळ दिसते. शेवटच्या वर्तुळात तीन-चार संघ उरतात, सगळे एका चौकटीत मावतात, आणि तेव्हा हाच गेम विलक्षण रंगतो.

काही जण कमेंटमध्ये लिहितात की हे सगळे नव्या पिढीचे खूळ आहे. त्यांनी नव्वदच्या दशकातली गेम पार्लरे आठवावीत. आमच्या गल्लीतल्या अरुंद गाळ्यात चार मशिने होती आणि 'मुस्तफा'च्या मशिनीवर, म्हणजे कॅपकॉम कंपनीच्या १९९३ सालच्या 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' या मारामारीच्या गेमवर, एक जण खेळत असे आणि पाच-सहा जण त्याच्या खांद्यावरून बघत असत. बहुतेकांच्या खिशात कॉइनचे पैसे नसत, तरी कोणी हलत नसे. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पडद्याच्या मध्यावर मारामारीत गुंतलेला असताना उजव्या कडेने गुंड आत शिरला की आधी दिसायचा तो मागे उभ्या असलेल्यांना, आणि सगळे एकदम ओरडायचे. सारी लढाई एका चौकटीत आणि प्रत्येकाची उरलेली ताकद वर पट्टीत. बघण्यासाठी याहून जास्त काही लागत नव्हते.

समालोचनाबद्दल माझी तक्रार जुनी आहे आणि ती मी पुन्हा मांडणार आहे. कोणी कोणाला टिपले हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येते. तेच मोठ्या आवाजात वाचून दाखवणे हे समालोचन नव्हे. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसे, म्हणून क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे, चेंडू कुठे चालला आहे, हे आधी सांगावे लागे. गेमच्या समालोचकालाही तेच करावे लागते, कारण नकाशाचा बराचसा भाग प्रेक्षकाच्या नजरेआड असतो. कोणता संघ पुलापलीकडे अडकला आहे आणि त्याच्याकडे स्मोक, म्हणजे आड लपायला धूर सोडणारा गोळा, शिल्लक आहे का, हे कळले तरच पुढची चाल समजते.

स्पर्धा नसली तरी टीव्ही होऊ शकतो, हे जपानच्या 'गेमसेंटर सीएक्स'ने २००३ सालापासून दाखवले आहे. त्यात शिन्या अरिनो हे विनोदी कलाकार कंपनीचा गणवेश घालून जुने, अवघड गेम खेळतात, वारंवार हरतात, आणि फारच अडकले की कार्यक्रमाचे सहायक मदतीला येऊन बसतात. तासन्‌तासांचे खेळणे कापून बेताचे केले जाते. आपल्याला त्यांचा चेहरा सतत दिसतो, आणि कोणत्या उडीवर ते पुन्हा पडणार हे त्यांच्याआधी आपल्याला कळलेले असते.

म्हणून एखाद्या मराठी वाहिनीने अर्धा तास द्यायचे ठरवले, तर माझी सूचना अशी आहे. बीजीएमआयने सुरुवात करू नये. 'टेकन' किंवा 'स्ट्रीट फायटर'सारखा दोघांचा गेम घ्यावा, ज्यात दोन माणसे, दोन ताकदपट्ट्या आणि साठ किंवा नव्याण्णवपासून उतरणारे घड्याळ एवढेच असते आणि आजीलाही कोण हरते आहे ते विचारावे लागत नाही. दोन्ही खेळाडूंचे चेहरे आणि हात सतत दाखवावेत. फेरी सुरू होण्याआधी समालोचकाने एकच गोष्ट सांगावी, की या खेळाडूला कोणत्या अंतरावर लढायचे आहे आणि समोरचा त्याला तिथे का येऊ देणार नाही. फेरी संपली की ज्या क्षणी ते अंतर तुटले तो क्षण रिप्लेमध्ये सावकाश दाखवावा, आणि मग लगेच पुढची फेरी लावावी.