कातरण म्हणजे चिंधी नव्हे

श्रोतेहो, नमस्कार. चतुर्थी जवळ आली की म्हापसा-मडगावात शिंप्यांच्या मशीनखाली रंगीत तुकड्यांचा ढीग साचतो. आपण सरसकट त्याला चिंध्या म्हणतो. पण चिंधी जुन्या, विरलेल्या कापडाची, बहुधा हातानं फाडलेली. कोऱ्या कापडाचं कात्रीखालून उरतं ते कातरण.

संस्कृतात कृत् म्हणजे कापणं. त्यावरून कर्तरी, प्राकृतात कत्तरी, मराठीत कातर. कातरल्यावर उरतं ते कातरण, जसं तांदूळ धुतल्यावर उरतं ते धुवण. वर्तमानपत्राचं कात्रण त्याच घरचं. गंमत म्हणजे सूत कातणं ज्यावरून आलं, तो धातूही कृत्‌च, पण वेगळा. एक धागा करतो, दुसरा तोडतो!

पोर्तुगीजांकडे ह्याच तुकड्याला रेताल्यू म्हणतात, आणि ‘आ रेताल्यू’ विकणं म्हणजे किरकोळ विकणं. इंग्रजीतलं रिटेलही फ्रेंचमधल्या ह्याच कापण्यावरून आलं. टेलरही तिथलाच.

चिंधी आणि कातरण ह्यांतला फरक वाकळ शिवताना कळतो. जुनी साडी धुऊन धुऊन आटायची तेवढी आटलेली असते. कोरं सुती कातरण पहिल्या धुण्यात आटतं. न धुता जोडलंत, तर ते आक्रसून साडीला ओढतं आणि साडी शिवणीलगत फाटते. दोरा मात्र शाबूत! म्हणून कातरण रात्रभर भिजत घाला, कडकडीत वाळवा, मग इस्त्री करा. पावसाळ्यात दमट राहिलेलं शिवलंत तर आत बुरशी धरते. लाल, निळे तुकडे ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ते बाजूला. पॉलिस्टरही वेगळं काढा, सुती कापडाच्या कडक इस्त्रीनं ते वितळतं.

आता तुकडा दोन्ही हातांनी ओढून बघा. उभ्या धाग्यात तो जेमतेम ताणतो, तिरपा धरला की लांबतो. गळ्याच्या नि बगलेच्या गोलाईचे तुकडे बहुतेक असेच तिरपे निघतात. ते वाकळीत घातले की चौकोन वाकडे होतात. त्यांच्या ३ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापून गोटाला वापरा, वळणावर छान बसतात. चौकोनासाठी ५ सेंटीमीटरहून लहान तुकडा घेऊ नये, कारण चारी बाजूंनी सेंटीमीटरभर दुमडलं की हाती ३ च उरतात. त्याहून बारीक ते उशीत भरा, पण आणखी बारीक चिरून. नाहीतर महिन्याभरात गोळे होतात.