आजीच्या वहीतली चाल

(नवापूर येथे भजनी मंडळे व गायनवर्गांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान, थोडे संपादित)

बंधुभगिनींनो, पवित्र शास्त्राबरोबर, म्हणजे बायबलबरोबर, आज मी एक वही आणली आहे. ही माझ्या आजीची. ती साक्री तालुक्यातली, अहिराणी बोलणारी, मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. वहीत सगळी ख्रिस्ती गाणी आहेत आणि प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तिने चाल लिहून ठेवली आहे. एकावर ‘चाल : जात्यावरची’. दुसऱ्यावर ‘चाल : कानबाईची’, म्हणजे खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्याची. एका गाण्यावर नुसते ‘चाल : बाळूच्या लग्नातली’ एवढेच. बाळू कोण, त्याच्या लग्नात काय गायले होते, हे सांगणारे आमच्या घरात आता कोणी उरलेले नाही. शब्द शाबूत आहेत, चाल गेली.

आता शास्त्रातली स्तोत्रसंहिता उघडा. बाविसाव्या स्तोत्राच्या वर काय लिहिले आहे? ‘पहाटेची हरिणी’. सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि पंच्याहत्तर या स्तोत्रांवर ‘नाश करू नको’. ही त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांची नावे असावीत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे आजीने केले तेच. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वधस्तंभावरचे शब्द ज्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत, ते एके काळी हरिणीच्या चालीवर गायले जात होते. ती चाल कशी होती? जेरुसलेममधल्या कोणत्याही गवयाला सांगता आली असती. आज जगात कोणालाच येत नाही. पंचावन्न स्तोत्रांवर मुख्य गवयासाठी म्हणून सूचना आहे, ‘सेला’ हा शब्द स्तोत्रसंहितेत 71 वेळा येतो, पण सेला आला की थांबायचे की वाद्य वाजवायचे, हेसुद्धा खात्रीने कळत नाही.

देवाने शब्द राखले आणि चाली जाऊ दिल्या. मला वाटते, यात आपल्यासाठी जागा ठेवली आहे. चाल ज्याची त्याने आणायची.

माझ्या लहानपणी आमच्या गावात नाताळला ढोल वाजायचा, पण चर्चच्या पायरीपर्यंतच. आत पेटी. एका वडीलधाऱ्याने मला सांगितले होते, ढोल रानातला, पेटी देवाची. मी कित्येक वर्षे ते खरे मानले. पण ही पेटी, हार्मोनियम, 1842 साली फ्रान्समध्ये पेटंट झालेले वाद्य. दाविदाने ती पाहिली नव्हती, पौलानेही नाही. उलट लाल समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम हिने हातात काय घेतले? डफ. तिच्यामागून सगळ्या बायका डफ घेऊन नाचत निघाल्या. शेवटचे स्तोत्र वाचा : कर्णा, वीणा, डफ, झांज. मराठी भाषांतरकारांनी त्या यादीत चक्क सतार घातली, कारण वाचणाऱ्याच्या कानाला ओळखीचा तंतू हवा होता. मग आपली फुंकून वाजवायची पावरी आणि ढोल यांनी कोणता अपराध केला?

पेटीवर माझा राग नाही. ती आता आपलीच झाली आहे, विठ्ठलाच्या भजनातही आणि आपल्या उपासनेतही. परकी वस्तू प्रेमाने वाजवली की आपली होते. आपली वस्तू मात्र बाहेर ठेवत राहिलो की आपल्याच हातून परकी होते.

हे मराठी ख्रिस्ती माणसाला नवे नाही. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आले आणि 1616 साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते ओवीत. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग सोडला नाही, उलट तो चर्चमध्ये आणला. आज आपण जी भजने डोळे मिटून म्हणतो, त्यातली किती त्यांची! पण अहिराणी, भिली, मावची यांतून गाणारी माणसे या खान्देशात आहेत. त्यांच्या चाली कोणी लिहून घेतल्या?

एक सावधगिरी मात्र बाळगायची. आमोस संदेष्टा देवाच्या तोंडून म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. मजुराची मजुरी बुडवून आलेला माणूस कितीही सुरात गायला तरी देव कान झाकतो. आणि फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री, खोड्यात पाय अडकलेले पौल आणि सीला वाद्याशिवाय गात होते, तेव्हा बाकीचे कैदी लक्ष देऊन ऐकत होते. माझ्यासाठी शास्त्रातली सर्वांत सुंदर मैफल तीच.

आजी म्हणायची, “चाल सापडनी म्हंजे गानं आपोआप येस.” इथे पुढे बसलेल्या आज्यांना माझी विनंती आहे, आज दुपारी जेवणानंतर अर्धा तास थांबा. तुमच्या आईकडून आलेली एकेक चाल म्हणा, नुसती गुणगुणली तरी चालेल. ही तरुण मुले मोबाईलवर ध्वनिमुद्रण करतील, आणि चाल कोणाकडून आली तेही लिहून घेतील, म्हणजे बाळूच्या लग्नासारखे होणार नाही.

आता वहीतले कानबाईच्या चालीचे गाणे म्हणू या. बाहेर व्हरांड्यात ढोल ठेवला आहे. तो आत घेऊन या.